दवाखान्याची खूण

सोमवार

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. माझा फोन काल दंगलीत जमावाने बुटाखाली चिरडला, म्हणून आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाती हे पत्र. मला रुग्णवाहिकेच्या स्टिअरिंगवरून खाली खेचून उजव्या हाताची बोटं मोडली. आत एक जखमी सुतार होता, त्याच्या डोक्यात गज घातला. तशीच गाडी पुढे काढली, पण पुढच्या वळणावर तो गेला.

कुठे जाळपोळ, कुठला दवाखाना उघडा, हे दाखवणारी तुझी साइट मी वळण्याआधी उघडली होती. नेट मरतुकडं, चक्र नुसतं फिरत राहिलं. मग अंदाजाने त्या गल्लीत शिरलो. तुला दोष देत नाही. पण तुझी पानं तुझ्यासारखीच जड झालीत, त्यांचं जेवण कमी कर.

दादाची काळजी करू नये, आठवण मात्र काढावी.
तुझा दादा

बुधवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. टोमणा पोचला, बोटांचंही कळलं. माझी पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, तरी जड का, ते शोधलं. आग, अडथळा, दवाखाना या खुणांची रेषाचित्रं जिथे जिथे लागतील तिथे पुन्हा पुन्हा अख्खी उतरत होती. आता सगळी एका फाइलीत एकदाच ठेवलीत. पानं त्यांना नावाने बोलावतात. फोन ती फाइल एकदा घेतो आणि जपून ठेवतो. पानं झटकन उघडायला लागली.

सगळ्यांनाच उघडायला लागली, दादा. काल जमाव फोनवर खूण बघत आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आला. कुऱ्हाडीने दार फोडलं, कंपाउंडरला टेबलावरच तोडलं. मी खिडकीतून पाहिलं.

लगेच फाइलीतून दवाखान्याची खूण पुसली. एकाच जागी होती, सगळीकडून जायला हवी होती. पण फोन जपलेली जुनी फाइलच दाखवत राहिले. शेवटी फाइलीचं नाव बदललं, सगळी पानं नव्याने तयार केली, तेव्हा गेली. विचारणाऱ्यांना सांगायला उघड्या दवाखान्यांचे पत्ते नर्सबाईंनी पाठ केलेत.

गाडी जपून चालव, आणि माझ्यावर रागावू नकोस.
तुझी चिमणी

शुक्रवार

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. काल जमाव आमच्या गल्लीत आला. दवाखान्याचं शटर ओढून आम्ही कण्हणाऱ्या जखमींच्या तोंडावर हात ठेवून बसलो. बाहेर एकजण म्हणत होता की पानावर इथे काहीच दिसत नाही. समोरच्या किराणावाल्याला फरफटत रस्त्यावर आणून भोसकलं आणि निघून गेले. आत होते ते सगळे वाचले, ते तुझ्यामुळे.

शटर वर केलं तर पायरीवर एक बाई, मांडीवर नवऱ्याचं डोकं. हातातल्या फोनवर तुझं पान उघडं. तिने मला विचारलं, जवळपास दवाखाना कुठे आहे. मी म्हणालो, हाच. तोवर नवरा गार पडला होता.

तुला हे सांगू नये, असं नर्सबाईंचं म्हणणं. पण तुला न सांगता मला जेवण गेलं नसतं. खूण परत लावू नकोस. प्रत्येक पानावर रुग्णवाहिका बोलवायचा नंबर साध्या ठळक आकड्यांत टाक. लोकांनी आमच्याकडे येऊ नये, आम्हीच जाऊ. गाडीची पुढची काच फुटली आहे, पण चालते.

माया आहे तशीच असू दे.
तुझा दादा