आठ ओळींचा तक्ता

प्रिय दादा,

बाबांची नाडी आज सकाळी चौसष्ट होती, काल बासष्ट. आकडे तुला रोज फोनवर कळवतेच, तेव्हा पत्र कशाला, असं तुला वाटेल. सोमवारी तू बाबांना वृद्धाश्रमात पोचवायला येणार आहेस. त्यांनी बॅग भरून ठेवली आहे. दाढीचं सामान, चार सदरे, जादाचा चष्मा. कुरकुर अजिबात नाही. शेजारच्या काकूंना म्हणाले, "मुलगा म्हणतोय तर जायचं. जुनं मशीन, कुठेतरी हलवावंच लागतं." वर हसले. मी आत भांडी पुसत होते. बाहेर आले नाही.

तू म्हणालास, ज्या माणसाला स्वतःच्या गोळ्यांचं भान राहत नाही, त्याला दिवसभर एकटं ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. तुझ्या हातात जेवढी माहिती आहे, तेवढ्यावर तुझं म्हणणं बरोबरच आहे. पण ती माहिती अपुरी आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाबा पहिल्यांदा हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा सोबत पाच औषधांची यादी होती. घरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली तीन आधीपासून होती. ती बंद करायची की चालू ठेवायची, याबद्दल यादीत एक अक्षर नव्हतं. फोन करून विचारायला दहा मिनिटं लागली असती. मी तक्ता करायला बसले. आठ औषधं, आठ ओळी, वेळांचे रकाने, गोळी घेतली की खूण करायला चौकोन. फोटो पाठवला तेव्हा तू लिहिलंस, "फ्रेम करून लाव, बाई!" खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

माझं काम तुला माहीत आहे. कारखान्यांतून आलेले तराजू आणि दाबमापक तपासायचे, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी लावायची. आमच्याकडे दोन चिठ्ठ्या म्हणजे दोन वस्तू. त्याच सवयीने मी गोळ्यांच्या पाकिटांवरची ठळक नावं उतरवून घेतली. खालची बारीक अक्षरं वाचली नाहीत.

आणि बाबा म्हणजे चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. ड्रॉइंगमध्ये जे माप असेल तेच कापायचं. तक्त्यातली एक खूण त्यांनी चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तेवढं म्हणाले, "या दोन गोळ्या अगदी एकसारख्या कडू लागतात गं. विचारतेस का कुणाला?" मला उशीर झाला होता, मी डबा भरत होते. मी म्हटलं, "बाबा, औषधं चवीवरून ओळखत नाहीत. तक्त्यात आहे ना? मग घ्या." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दाढी करता करता ते कोसळले. नाडी अडतीस होती. रिक्षात त्यांचं मनगट मी सोडलं नाही, आणि दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा असू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या नर्सने आमची औषधांची पिशवी टेबलावर ओतली. त्यातली दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "आजोबा, हा एकच गडी टोपी बदलून दोनदा आलाय की! कंपन्या दोन, पण औषध एकच, नाडी मंद करणारं. दोन्ही घेत होता? सांगितलं कुणी तुम्हाला?" तक्ता माझ्या पर्समध्ये होता. मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, "माझाच घोळ. म्हातारपण, दुसरं काय! जुनं पाकीट टाकून द्यायला विसरलो." तिने तसं लिहून घेतलं. डॉक्टरांनी तुला तेच सांगितलं आणि त्यावरून तू सोमवार ठरवलास.

दादा, बाबा काहीही विसरले नव्हते. शंका आलेलं घरातलं एकमेव डोकं त्यांचं होतं, आणि ते मी गप्प केलं. त्यानंतर सोळा दिवस मीही गप्प आहे. घरी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "जाऊ दे. तुला अजून आयुष्य काढायचंय, या चुकीचा शिक्का कशाला हवा?" माझ्यावरचा शिक्का चुकवायला ते घर सोडून निघाले आहेत. फोनवर तुझा आवाज चढला असता आणि मी माघार घेतली असती, म्हणून लिहिते आहे. तक्ता सोबत जोडला आहे, दुसरी आणि सातवी ओळ बघ. नवी यादी डॉक्टरांकडून आणि औषधाच्या दुकानातून, दोन्हीकडून तपासून घेतली आहे. तू सोमवारी ये, पण वृद्धाश्रमाला आधी नकार कळवून ये. बाबांसमोर मला विचार, चूक कुणाची. या वेळी त्यांच्या आधी मी बोलेन.

तुझीच,
धाकटी