बांध कोणी कोरला

१४ जानेवारी
आणि वर मलाच चोर म्हणतो! दादाला संक्रांतीचा फोन केला, तर तिळगूळ राहिला बाजूला — "जायच्या आधी बांध तूच कोरलास!" मी दोन वर्षं इकडं भोसरीत. दरसाल नांगराचं एकेक तास माझ्या रानात सरकतोय दादा, आणि बोंब माझ्या नावानं!

१५ जानेवारी
आईचा फोन. "भावाभावात सरकारी मोजणी आणू नको लेकरा. दारं बंद होतील."
होऊ देत! दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायला काठी धरतो मी. स्वतःची सोडू? अर्ज करणारच.

१८ जानेवारी
आज मोशीत काम. आठ तास उन्हात. मोजणीवाले निरंजन सर मशीनमधून बघत ओरडतात — "काठी सरळ धर राव! झोपलास का?" स्वतः छत्रीखाली!

सुटल्यावर दत्तोबा म्हणाले, चल, नदीकडनं जाऊ. तेही काठी धरतात, साठीचे, मोशीचेच. इंद्रायणीच्या काठानं रमतगमत निघालो. हितं वांगी व्हती, हितं म्हशी डुंबायच्या — सांगत होते. एका सोसायटीच्या भिंतीपाशी थांबले. आत आंबा.

"आमच्या बांधावरचा हाय त्यो. आन् भिंत बघ कुठं घातलीय!"

मी बाजूच्या भिंतीकडेनं पावलं टाकली. झाडाच्या समोरून पुढची भिंत बावीस पावलं अलीकडं! डोकंच फिरलं. म्हटलं, काका, केस करा! ते तंबाखू मळत हसले.

"दगड हालवत्यात, बांध कोरत्यात. झाड कुठं हालतंय व्हय? बांधावरचं झाड ज्याच्या रानात गेलं, त्यानं खाल्लं समजायचं."

वॉचमन ओरडला, "ओ, इथं थांबू नका!"

"न्हाई थांबत बाबा. आमचंच झाड बघतूय."

चोर साले!

१९ जानेवारी
दत्तोबांचं काही खरं नाही. झाड काय, कुणीही कुठंही लावतं.

२० जानेवारी
तरी आईला विचारलं. वाटणीचा बांध ज्या कडुलिंबावरून घातला होता, तो आता कुठं आहे?
"कुठं म्हंजे? आपल्या ज्वारीत. चांगला धा पावलं आत."
दादाच्या नाही. माझ्या वाटणीतल्या.
जायच्या आधी तीन वर्षं नांगरटीला मामाचा ट्रॅक्टर मीच चालवला. बांधाकडनं वळताना जरा पलीकडं घ्यायचो. जराच!

२२ जानेवारी
अर्ज फाडला. दादाला सांगितलं, कडुलिंबापासून सरळ नवा बांध घाल, मजुरी माझी. तरी चोर म्हणायला नको होतं त्यानं! मोजणीच्या फीसाठी ठेवलेले सगळे पाठवतोय — चार हजार दोनशे.