सहा आठवड्यांत सायन्स आणि घरची किटली

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळचं दूध आटोपून.

रोजनिशी कशी सुरू करतात ते ठाऊक नाही. आयुष्यभर पत्रंच लिहिली. तेव्हा वाचणारा मी एकटा असलो तरी पत्रासारखी आधी सगळ्यांची खुशाली. आमच्या सौ. रंगूचे गुडघे कसे आहेत? दुखतात, तोंड मात्र उत्तम चालतं. चिरंजीव अमृत नोकरीपायी सावेडीत खोली घेऊन राहतो, त्याची तब्येत? चांगली असणार. आजारी पडला की फोन येतो. सूनबाई रोहिणी? सर्दी झाली आहे. आल्याचा काढा करून दिला, तर साखर कमी म्हणाली. तिन्ही गायी? ठीक. माझी? शुगर थोडी, बीपी थोडं, संताप भरपूर.

संतापाचं कारण लिहितो. आमच्या पुणतांब्यात दूध संघ शीतकरण केंद्र काढतोय. तिथं गुणवत्ता पर्यवेक्षक नेमणार. खुर्ची, टेबल, पंखा. संकलन केंद्रावर दूध तपासण्यात माझा जन्म गेला. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. आणि आता नियमात लिहिलंय, उमेदवार सायन्सचा हवा. अध्यक्ष कल्याणराव म्हणाले, नाना, तुमच्यासारखा माणूस मिळायचा न्हाई, पन सायन्सचा कागद आना, मग बघू. मग बघू म्हणजे पद माझंच. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वैजनाथनंही अर्ज केलाय. बारावी सायन्स आहे म्हणे. हा तोच वैजनाथ, ज्याच्या दुधात मी गेल्या उन्हाळ्यात पाणी पकडलं आणि भरल्या रांगेतून किटली परत पाठवली.

४ नोव्हेंबर

दुपारभर मोबाईलवर कॉलेज शोधलं. एक तीन वर्षांचं निघालं. तीन वर्षांनी काय, केंद्राच्या उद्घाटनाची कोनशिला वाचायची? दुसऱ्यात सायन्सबरोबर वास्तुशास्त्र फुकट होतं. शेवटी सापडलं. सहा आठवड्यांत सायन्स, घरबसल्या, करिअरमध्ये झेप. करिअर हा शब्द मला उद्देशून कुणी पहिल्यांदाच वापरला.

रोहिणीला दाखवलं. मामा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, म्हणाली. बारीक अक्षरं बारीक विचारांच्या लोकांसाठी असतात. तिला माझी प्रगती बघवत नाही.

५ नोव्हेंबर

कॉलेजच्या मोनिका मॅडमचा फोन. किती गोड बोलतात. सर, तुमच्यासारखे विद्यार्थी आम्हाला फार कमी मिळतात, म्हणाल्या. माणसाची पारख आहे बाईंना. मी त्यांना दूध तपासायचा लॅक्टोमीटर कसा धरायचा ते समजावून सांगितलं. त्यांनी मधेच फीचं विचारलं. बोलता बोलता आठवलं असेल.

७ नोव्हेंबर

फी भरली. अमृतनं फोनवरून पाठवली. पाठवताना बाबा, बाबा असं दोनदा म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. पोरगं भारावलं.

संकल्प. पहाटे चारला उठून फिजिक्स. धारा काढताना केमिस्ट्री. जेवल्यावर बायॉलॉजी.

८ नोव्हेंबर

चारला उठलो. गायींनाही वाटलं, धारेची वेळ झाली. तिन्ही एकदम हंबरल्या. रंगू उठली, शेजारी उठले. फिजिक्स राहिलं.

१० नोव्हेंबर

मोनिका मॅडम फोन उचलत नाहीत. बहुतेक आजारी असाव्यात. किंवा माझ्यासारख्यांकडे जास्त लक्ष देतात म्हणून ऑफिसात कुणी जळत असेल. असल्या माणसांचा मला राग येतो. रंगूला सांगितलं, घरचं तूप थोडं बाजूला ठेव, मॅडमना पाठवू. ती म्हणाली, आवं, त्या बाईनं तुमाला कवा पानी तरी इचारलंय का. असं बोलणं.

१४ नोव्हेंबर

अभ्यास कठीण नाही, सर फार रेंगाळून बोलतात. एका वाक्यानंतर दुसऱ्याची वाट बघत बसावं लागतं. मग मला व्हिडिओत वेग वाढवायचं बटण सापडलं. दुप्पट केला. वेगवान कोर्स म्हणतात तो हाच. सर आता राहात्याच्या कांदा लिलावासारखे बोलतात. समजत काही नाही, पण उरकतं झपाट्यानं. दोन दिवसांत पूर्ण भौतिकशास्त्र झालं.

रोहिणी दारातून बघून गेली. हसली नाही. हसली असती तर दोन शब्द सुनावता आले असते.

१९ नोव्हेंबर

पहिली परीक्षा पास. खाली चार पर्याय असतात. चुकलं की पुन्हा विचारतात, पुन्हा चुकलं की पुन्हा. बरोबर येईपर्यंत सोडत नाहीत. आमच्या मास्तरांनी असं शिकवलं असतं तर मी आज कुठं असतो. त्यांनी एकदाच विचारलं आणि छडी घेतली.

वैजनाथ चहाला आला होता. मुद्दामच. नाना, कॉलेज कसं हाय, पोरी कशा हायत वर्गात, म्हणाला. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. चहा मात्र दुसऱ्यांदा दिला, कारण बाहेर गार वारं होतं आणि तो खोकत होता.

२७ नोव्हेंबर

केमिस्ट्री संपली. बायॉलॉजीत गायीचं पोट आलं. त्यांनी चार कप्पे सांगितले. इथं मी वेग कमी केला. बरोबर सांगितलंय. सरांविषयी थोडा आदर वाटला.

संकल्प. पर्यवेक्षक झाल्यावर पहिल्याच दिवशी वैजनाथची किटली दोनदा तपासणे.

४ डिसेंबर

आता फक्त प्रात्यक्षिक उरलं. घरातल्या एखाद्या द्रव पदार्थाची घनता मोजा आणि व्हिडिओ करून पाठवा, असं सांगितलंय. लोक तेल घेतील, कुणी सरबत घेईल. मी दूध घेणार. तेही कुणाचं, तर आमच्या घरचं.

हे जरा सविस्तर लिहून ठेवतो. केंद्रावर आमची किटली कधी तपासली जात नाही. टेस्टरच्या घरचं दूध न तपासता ओतायचं, आकडा त्यानं तोंडानं सांगायचा, हा इथला मान आहे. माझ्या आधीच्या टेस्टरलाही तो होता. मी रोज तीस सांगतो. गायीच्या दुधात लॅक्टोमीटरची काचेची नळी अठ्ठावीस-तीसवर तरंगावी, पाणी असलं की खाली बुडते आणि आकडा उतरतो. आमची तीसच असणार. शुद्ध दूध कसं असतं, ते सगळ्या जगानं एकदा बघावं.

५ डिसेंबर, संध्याकाळ

व्हिडिओ झाला. इस्त्रीचा शर्ट घातला. चष्मा काढून ठेवला, त्यानं माणूस म्हातारा दिसतो. मोबाईल रोहिणीच्या हातात दिला. नळी किटलीतल्या दुधात सोडली आणि कॅमेऱ्याकडे बघून खणखणीत म्हणालो, पाहा, आकडा तीस. रोहिणी हळूच म्हणाली, मामा, एकदा आकडा बघा की. मी म्हणालो, तू मोबाईल धर, आकडे मला शिकवू नको. तेही व्हिडिओत आलं. असू दे, विद्यार्थ्याचा आत्मविश्वास दिसतो.

कॉलेजला पाठवला. मग म्हटलं, ज्ञान वाटल्यानं वाढतं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला.

६ डिसेंबर

वाईट दिवस.

रात्रीच वैजनाथनं व्हिडिओ थांबवून नळीचा फोटो काढला, मोठा केला, लाल गोल केला आणि ग्रुपवर लिहिलं, नाना, तोंड तीस म्हनतंय, नळी बावीस म्हनतीय, वहीत कुनाचं लिहायचं? त्याखाली हसण्याची चित्रं. ज्यांना मी लहानपणी कडेवर घेतलं त्यांचीही.

माझं म्हणणं असं. एक, ओटा उतरता आहे. दोन, मोबाईल तिरका होता, म्हणजे दोष रोहिणीचा. तीन, दूध थंड होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी उत्तर दिलं, थंड दुधात नळी वर येते, नाना, खाली जात न्हाई. हे मला ठाऊक होतं. घाईत राहिलं.

७ डिसेंबर

मग रंगूला विचारलं. ओरडूनच. ती गोठ्यातून बाहेरही आली नाही. आतूनच म्हणाली, त्यात काय चोरी हाय व्हय. चरवी इसळते, बादली इसळते, गाळायचं फडकं पिळते, ते पानी किटलीत घालते. एक थेंब वाया जाऊ द्यायचा न्हाई, आत्याबाईंनी हेच शिकवलं हुतं. किती पाणी, विचारलं. म्हणाली, लई न्हाई, दोन तांबे.

दोन तांबे. आणि मी इतकी वर्षं बाहेर उभा राहून तिचं कौतुक करत होतो की बादलीला दुधाचा डाग राहत नाही.

वैजनाथनंही त्या उन्हाळ्यात रांगेत हेच सांगितलं होतं. भांडं इसळलं हुतं नाना, म्हणाला होता. मी त्याला विचारलं, भांडं इसळलं का इहिरीत बुडवलं? सगळी रांग हसली होती. मीही.

त्याची गोष्ट वेगळी. त्याला तपासलं होतं.

१२ डिसेंबर

कॉलेजचा निकाल आला. प्रात्यक्षिकात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. खाली शेरा: अचूक निरीक्षण. रंगीत प्रमाणपत्र, माझं नाव वळणदार अक्षरात.

म्हणजे तीसच होतं. कॉलेजचे सर काय झोपेत मार्क देतात? रोहिणीला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, मामा, यांनी व्हिडिओ उघडून तरी बघितला असंल का? मग माझा चेहरा बघितला आणि चहा ठेवला. साखर न सांगता कमी घातली. ही पोरगी मला कळत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

संघाची मीटिंग. प्रमाणपत्र फ्रेम करून नेलं. कल्याणरावांनी ते सगळीकडून वाचलं. मग म्हणाले, नाना, कागद लई छान हाय, पन व्हिडिओ आमी समद्यांनी बघितलाय. पर्यवेक्षक म्हणून वैजनाथ. आणि आजपासून टेस्टरच्या घरची किटलीही रांगेत, मान-बिन बंद.

मी उठून म्हणालो, इतकी वर्षं मी या संघात एक लिटर खोटं ओतू दिलं नाही. मागून एक जण म्हणाला, घरचं सोडून. त्याच्याकडे बघितलंही नाही. घरी येताना फ्रेम पिशवीत उलटी ठेवली, काचेला चरा पडू नये म्हणून.

१६ डिसेंबर

रंगूला सांगितलं, उद्यापासून विसळलेलं पाणी गायीला पाज. ती म्हणाली, मग दूध कमी भरंल. भरू दे, म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे गुडघे सुजलेत. संध्याकाळी तेल चोळून दिलं. रागातच दिलं.

२२ डिसेंबर, सोमवार

कॉलेजला पाठवायच्या पत्राचा कच्चा मजकूर.

मोनिका मॅडम, स. न. वि. वि. तुमची तब्येत आता सुधारली असेल. मी तुमचा विद्यार्थी कानिफनाथ, दुधाचा व्हिडिओ पाठवलेला. आमच्याकडे त्या व्हिडिओवरून थोडा गैरसमज झाला आहे. तुमच्या सरांनी मला अठ्ठ्याण्णव मार्क दिले, म्हणजे त्यांनी तो पाहिला असणारच. तरी कृपा करून कॉलेजच्या कागदावर एवढी एकच ओळ लिहून द्यावी की त्या दिवशी आकडा तीस होता. ती मिळाली की संघ फेरविचार करील, याबद्दल मला शंका नाही.

इकडची हकीकत म्हणाल, तर आज सकाळी आमची किटली रांगेत लावली. नवीन पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर नळी सोडली. अठ्ठावीस आली. टोमणा मारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी नुसता आकडा लिहिला आणि मागची किटली पुढं ओढली. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. मग बाजूला झालो, रांग खोळंबली होती.

सर कामात असतील तर तुम्ही स्वतः लिहिलंत तरी चालेल. ओळ नको असेल, तर सरांनी व्हिडिओ खरंच पाहिला होता का, एवढं तरी कळवा. संध्याकाळचं दूध सहाला असतं आणि किटली मलाच न्यायची आहे. त्याआधी दोन शब्द आले तर फार बरं होईल.