धोंड्याचं घड्याळ

कराड,
अधिक महिन्यातला शेवटचा शुक्रवार

ती. दाजी यांना लालासाहेबाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळं पूर्ण साष्टांग जमत नाही, जेवढा जमला तेवढा गोड मानून घ्यावा).

तुमची साखर आटोक्यात आहे असं आक्का परवा फोनवर म्हणाली, आणि तेवढ्यात मागून तुम्ही आंबा मागितल्याचं ऐकू आलं. तरी देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. आमच्याकडं मंगलची कंबर ठीक, म्हैस ठीक, आणि माझं ब्लडप्रेशर कालपासून ठीक. ते इतके दिवस का चढलं होतं आणि काल एकदम का उतरलं, हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

दाजी, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सगळी सुरुवात तुमच्यापासून आहे. अंकिताच्या लग्नात आहेर पुकारायला माईक तुमच्याकडं दिला. पुकारणाऱ्यानं नाव घ्यावं, आहेर सांगावा आणि पुढचं पाकीट उचलावं. तुम्ही भाषण केलंत. 'आमचे मेव्हणे सुभेदार लालासाहेब येत्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला स्विस घड्याळ देणार आहेत, समुद्राच्या तळाशीसुद्धा चालणारं!' असं मला न विचारता ठोकून दिलंत. (फलटणच्या जावयाला समुद्र कुठला, हे विचारायला मांडवात एक माणूस उठला नाही.) टाळ्या पडल्या, व्याह्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले, आणि मी अक्षता मुठीत धरून नुसता हसत राहिलो. पंचवीस वर्षं फौजेत काढली, पण त्या दिवशी तुम्ही मला जसं घेरलंत तसं कुणी घेरलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोर होता. माझं काय, मला लोकांनी नावं ठेवली तरी मी ऐकून घेईन. पण उद्या अंकिताला सासरी भांडी घासताना कुणी 'तुझ्या बापाचं घड्याळ कुठवर आलं गं' म्हटलं, तर त्या पोरीनं तोंड कुठं लपवायचं? ती सांगणारही नाही, आईवर गेलीय. म्हणून ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, घड्याळ द्यायचं. हायवेत गेलेल्या माळाचे पैसे तसेच पडून होते, त्यामुळं तो प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच निघाला.

आधी नवं बघायला पुण्याला गेलो. (इस्त्रीचा शर्ट, मेडलांची पट्टी मंगलनं लावू दिली नाही.) दुकान असं की आत शिरताना चप्पल काढावी का, असं वाटावं. एका मुलीनं बसवलं, कॉफी दिली, कपाटातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं बांधा. तर म्हणते, हे नुसतं दाखवायचं आहे, विकायचं नाही. मग विकायचं कुठं आहे? तर ते नाही. नाव लिहून ठेवू, वर्ष जाईल, दोन जातील, नक्की सांगता येत नाही. वर मलाच विचारते की आमच्याकडून आधी काय काय घेतलंय? मी म्हटलं बाई, मी आयुष्यात मोठं असं काही घेतलं असेल तर ट्रॅक्टर. तिनं तेही लिहून घेतलं! भरतीच्या वेळी माझी छाती मोजली होती, दात मोजले होते, पण पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाची लायकी मोजताना मी पहिल्यांदाच बघितलं. उठलो आणि सरळ एस.टी. स्टँड गाठला.

मग कुणीतरी सांगितलं, सांगलीत एकजण असली घड्याळं जुनी विकतो. गेलो. (तुमच्या मिरजेच्या एवढं जवळ येऊन घरी आलो नाही, हे आक्काला कळू देऊ नका.) दुकान नाही, पाटी नाही, फ्लॅटमध्ये एक तरुण पोरगा, हातात पांढरे मोजे, समोर मखमलीचं ताट. आमच्या सोनाराकडंसुद्धा एवढा थाट नसतो. मला वाटलं, जुनं म्हणजे निम्म्यात मिळेल. तर त्यानं सांगितलेली किंमत नव्यापेक्षा जास्त! मी म्हटलं, अरे बाबा, मी माझा ट्रॅक्टर एक हंगाम चालवून विकायला काढला तर लोक नाक मुरडून भाव पाडतात, आणि तुझं वापरलेलं घड्याळ न वापरलेल्यापेक्षा महाग कसं? तो अगदी शांतपणे म्हणाला, काका, नवं मिळत नाही ना, म्हणून. दाजी, मी उठलो आणि पुन्हा एस.टी. स्टँड गाठला.

घरी येऊन मंगलला सांगितलं तर तिनं तिसरंच काढलं. धोंड्याचं वाण कोरं लागतं. जावई म्हणजे अधिक महिन्यात साक्षात नारायण, त्याला दुसऱ्याच्या मनगटावरचं उतरलेलं देणार? आणि ते कुणाचं होतं? त्या माणसाचं बरं चाललं होतं का? बायकोशी पटत होतं का? मेलेल्याचं तर नाही ना? मी पुन्हा सांगलीला फोन केला. त्या पोरानं बिचाऱ्यानं चौकशी करून सांगितलं की मालक हयात आहे, बिल्डर आहे, बायको आहे आणि पटतंही. (हे शेवटचं त्यानं मनानंच सांगितलं असावं.) महिना निम्मा सरला होता, नवं मिळायची आशा नव्हती. शेवटी मंगल म्हणाली, आणा, मी शुद्ध करून घेते. मी जाऊन घेऊन आलो. मला वाटलं, गोमूत्राचे चार थेंब शिंपडेल.

आता खरा प्रसंग ऐका. काल धोंडा. जावई-लेक सकाळीच आले होते, ओसरीवर बसले होते. मी आतल्या खोलीत घड्याळ पंचांगातल्या मुहूर्ताशी मिळवत होतो. त्यासाठी बाजूची चावी आटे फिरवून सैल करून ओढावी लागते. तेवढ्यात मंगलनं विचारलं, पाणी चालतंय ना याला? मी तोऱ्यात म्हटलं, पाणी? अगं, जिथं पाणबुड्याचा दम सुटेल तिथं हे चालतं. तिनं घड्याळ उचललं आणि देवासमोरच्या पंचामृतात सोडलं. अभिषेक करावा तसं, पळीनं वरून घालत. आणि चावी मी उघडीच ठेवली होती, म्हणजे आत शिरायला वाट मोकळी.

समुद्र त्यानं सोसला असता, दाजी. दह्या-मधासमोर त्याचं काही चाललं नाही. पुसून बघतो तर काचेच्या आतून पांढरी साय धरलेली आणि काटे नऊ-वीसवर गप्प. मंगल मटकन खाली बसली. बाहेर जावई पाटावर बसलेला, पाय धुवून झालेले, अनारसे ताटात मांडलेले, आणि अंकिता दारातून खुणावतेय की बाबा, चला की. काय करणार? पुसलं, डबीत घातलं, डबी ताटात, वर खण, खणावर दिवा, आणि ताट जावयाच्या, शिवतेजच्या हातात दिलं. देताना ताट माझ्या हातून सुटेना. लोकांना वाटलं, भरून आलंय.

त्यानं डबी उघडली. बघितलं. मिटली. मग तो हळूच म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण मी घड्याळ घालतच न्हाई. आमच्या खोलीत धातूचं काय चालत न्हाई, मशीन वढून घेतंय. एवढं भारी घड्याळ माझ्याकडं नुसतं कपाटात पडंल. तुमी दुसऱ्या कुणालातरी द्या."

दाजी, आपला जावई साताऱ्याला दवाखान्यात 'मोठ्या मशीनवर' आहे एवढंच मला ठाऊक होतं. ते मशीन म्हणजे हत्तीएवढं चुंबक, आणि हा पोरगा रोज माणसांना त्यात सरकवून डोक्यातल्या गाठी शोधतो, हे मला काल कळलं! इतके दिवस त्याच्या मनगटाचं माप मनात घोळवलं आणि ते मनगट मोकळं आहे हे दिसलं नाही. दुपारभर त्याला विचारत बसलो. तोही खुलला. बोलता बोलता मी दबकत विचारलं, घरी कुणी घड्याळाचं काही म्हणालं का? अंकिता खळखळून हसली. म्हणाली, "बाबा, आत्याच्या यजमानांनी माईक घेतल्यावर ते काय बोलले ते सासूबाईंनी तवाच सोडून दिलं. त्या म्हणाल्या, गंमत करतेत."

एवढंच! सगळ्या मांडवात तुमचं बोलणं खरं धरणारा मी एकटाच निघालो. आधी तुमचा राग आला, मग माझा आला, आणि मग जे हसू आलं ते आवरेना. रात्री तीन अनारसे जास्त खाल्ले आणि गाढ झोपलो. डोक्यावरचा दगड उतरला, पोरगी सुखात आहे, जावई सोन्यासारखा आहे. बाकी काय लागतं माणसाला. आक्काला नमस्कार, आणि आंबा जपून.

आपला,
लालासाहेब

ता. क. एक राहिलं. मंगल म्हणते, वाण म्हणून एकदा ताटात घातलेली वस्तू परत घरात ठेवता येत नाही, ती जावयालाच गेली पाहिजे. लेक आम्हाला एकच. तेव्हा रात्री विचार केला, आमच्या घरचे थोरले जावई कोण? दाजी, तुमचे सासरे, आमचे आबा, गेल्यापासून तुमचा धोंडा आम्ही केलाच नाही, हे बरोबर नव्हतं. सोबतच्या डब्यात घड्याळाची डबी, खण आणि अनारसे आहेत. (अनारसे आक्काला द्या.) काटे सध्या विश्रांती घेत आहेत. मिरजेत कुणी चांगला कारागीर असेलच. त्याला पंचामृताचं सांगू नका, नुसतं 'ओल धरलीय' म्हणा.

ता. क. २. तुम्ही मांडवात दिलेला शब्द अशा रीतीनं पुरा झाला. स्विस आहे, जावयालाच गेलं. वाण नाकारलं तर पाप लागतं, असं मंगलनं खास लिहायला सांगितलंय. डबी मिळाल्याची पोच मात्र फोनवर द्या, माईकवर नको.