तुझ्या नावाची धार

प्रिय चंद्री,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी तांड्याच्या शाळेचा मास्तर असून तुला कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण जीव थाऱ्यावर नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

आपला हिरामण पितो गं. पंधरा वर्षांचं पोर!

तू असताना तो बाहेरून आला की आधी जवळ बसवून त्याला गूळ भरवायचीस. घोडा झाला तरी भरवतेस, म्हणून मी हसायचो. तू त्याच्या तोंडाचा वास घेत होतीस, हे मला आता कळतंय. ही धास्ती मला का नाही सांगितलीस? सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का, तेही खरंच.

परवा भरदुपारी तो कापसाच्या ढिगामागे ओकत पडलेला सापडला. मी हात उगारला, कोणी शिकवलं म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "तूच तं देल्ली, बा. याडीच्या तेराव्याले."

खरंच होतं, तुझ्या तेराव्याला मीच दिली. सरकारची दारूबंदी असो, आपल्यात पितरांच्या नावानं मोहाच्या दारूची धार सोडतात आणि उरलेली थोरल्या पोरानं घ्यायची. तो तोंड फिरवत होता. चारचौघांत शोभा नको म्हणून मीच दरडावलं, आईचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये. तुझा सख्खा भाऊ दारूनं गेला. घरात बाटली आली तर तू जेवत नव्हतीस. आणि मी तुझ्याच नावानं पोराला पाजली! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

उद्या पुन्हा तीच धार, त्याच्याच हातून. तांड्याच्या नायकानं बाटली काढूनही ठेवली आहे. नको म्हटलं तर तांडा काय म्हणेल? आणि हो म्हटलं तर हे पोर कुठवर जाईल?

सकाळी तो दारव्ह्याच्या बाजाराला गेला. ऊन कललं, अजून आला नाही. गाडी वाजली की मी दारात जातो.

चंद्री, शब्द देतो. उद्या तुझ्या नावानं विहिरीचं पाणी सोडीन, नायकासमोर. कोणी विचारलंच तर सांगेन की गेल्या खेपेला माझं चुकलं. आणि आज हिरामण पिऊन येवो की न पिता, आधी मी त्याची माफी मागेन.

तुझा,
थावरू