एका खोलीत एक

४ फेब्रुवारी

उचलली जीभ लावली टाळ्याला! "शिकण्याची जागा नव्हे, पदवी देणारा बसथांबा" – एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय. आमच्या विद्यापीठाबद्दल! हजारो मुलं सकाळी येतात, तास संपला की पळतात, सहानंतर तिथे चिटपाखरू नसतं म्हणे. कुणाला विचारून लिहिलं? तिथल्या जुन्या इमारतीच्या किल्ल्या एकोणीस वर्षं मी सांभाळल्या. तीन मजले, बेचाळीस खोल्या. मुलं मला किल्लीकाका म्हणायची. मला कुणी विचारलं? नाही.

पेपर चुरगाळून फेकला. सुनेनं उचलून सरळ केला. "बाबा, मी अजून वाचला नाहीये." वाच बाई, वाच.

नात त्याच विद्यापीठात शिकते. सहा पस्तीसला घरी येते. आज सहा बेचाळीस झाले. गॅलरीत उभा राहून पोटऱ्या भरून आल्या.

५ फेब्रुवारी

वाटलं होतं, नात तरी चिडेल. कसलं काय!

"खरंच लिहिलंय, आजोबा. दोन वर्षं झाली, वर्गातली चार नावं मला माहीत आहेत. डबा मी जिन्यात बसून खाते."

"जिन्यात कशाला?"

"मग कुठे? तुम्ही तिथे होतात ना, तुम्हीच सांगा बसायची जागा!"

मग कळलं खरं काय ते. परगावच्या विद्यापीठाचा फॉर्म आणलाय. तिथे वसतिगृह आहे, सगळी मुलं तिथेच राहतात. फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस. मुलगा आधीच परगावी नोकरीला, आता नातही जाणार! सून गप्प होती. गप्प म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं! घरात मीच एक उपरा.

ओरडलो. खूपच ओरडलो. नात म्हणाली, "ओरडून झालं की सांगा, मग मी अभ्यासाला बसते."

७ फेब्रुवारी

चहावाला आला होता. विद्यापीठाच्या फाटकाशी त्याची टपरी होती. आता तोही घरी, मीही घरी. पेपरचं काढलं तर हसायला लागला. "बसथांबा तर बसथांबा! आपण दोघं इतकी वर्षं थांब्यावर उभे राहिलो, आपली बस काही आली नाही." याला कशाचंच काही नाही!

तो गेल्यावर आठवत बसलो. मुलं थांबत नव्हती म्हणे! ज्याच्या घरी टेबल नाही, तो कशाला घाईनं घरी जाईल? दुकानात दिवसभर उभी राहणारी ती मुलगी. परीक्षेला बसलेला तो कंडक्टर – डोक्यावर केस नव्हते तरी विद्यार्थी. नियम असा होता की साडेसहाला इमारत रिकामी करायची, कुलूप लावायचं, रजिस्टरमध्ये तसं लिहायचं. मी पुढच्या दाराला कुलूप लावायचो आणि मागच्या दारानं त्यांना आत घ्यायचो. मागच्या बाजूच्या खोल्या, कारण पुढचे दिवे पहाऱ्याच्या चौकीतून दिसतात. एका खोलीत एक. बोलायचं नाही. साडेआठपासून पाच-पाच मिनिटांनी एकेक बाहेर. एकोणीस वर्षांत एकदाही पकडलो गेलो नाही!

सातवी शिकलेला माणूस मी. पण डोळ्यात तेल घालून राखलं त्यांना.

१० फेब्रुवारी

नातीनं आणि तिच्या कुणी चार जणांनी अर्ज दिलाय. जुनी इमारत रात्री नऊपर्यंत अभ्यासाला उघडी ठेवा म्हणून. चोवीस तारखेला समिती बसणार. नात म्हणते, "उघडली तर राहीन. नाही तर फॉर्म भरणार. तुम्ही ओरडलात तरी भरणार."

माझ्या डोक्यावरून पाणीच!

११ फेब्रुवारी

काय लिहू!

समितीनं बसण्याआधीच अर्जाला उत्तर पाठवलंय – संध्याकाळी कोणी थांबत नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. नोंदींच्या झेरॉक्सचा गठ्ठा सोबत. नातीनं तो माझ्यासमोर ठेवला. पानामागून पान, एकच ओळ. "सायं. ६.३०. सर्व खोल्या रिकाम्या. कुलूप लावले." खाली सही.

"हे अक्षर तुमचं ना, आजोबा?"

माझंच. दुसऱ्या कुणाचं असणार? खोलीत माणूस बसलाय असं लिहिलं असतं तर त्याला हाकलावं लागलं असतं. म्हणून रोज 'रिकाम्या' लिहिलं. चांगल्यासाठी लिहिलं! आणि आता तेच उलटं आमच्याच डोक्यात घातलंय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा मी.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हे समितीपुढे सांगा."

नाही सांगणार! निवृत्तीच्या दिवशी प्रशस्तिपत्र दिलंय मला. 'निष्कलंक सेवा' लिहिलंय त्यावर. भिंतीवर आहे.

१२ फेब्रुवारी

जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

१४ फेब्रुवारी

सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, खोटं लिहिताना नाही लाजलात, मग खरं सांगताना कसली लाज?"

सुनेनं आता मला शिकवावं! मी ताडकन उठून आत गेलो.

पण आत जाऊन बसलो ते पेटीशी. जुन्या रोजनिशा त्यात आहेत. नोकरीत असताना रोज वरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचो – आज किती बसले. कुणी आत कोंडलं गेलं तर या धास्तीनं मी आत जाताना मोजायचो, बाहेर पडताना मोजायचो, घरी येऊन पुन्हा आठवून लिहायचो. ९. १४. ११. १७. जोराच्या पावसात एकदा २३. सगळं आहे.

द्यायच्या का? यात काय काय लिहिलंय! सुनेबद्दल तर पहिल्या वर्षी – जाऊ दे. बायको आजारी असतानाची पानं आहेत. ती मीही परत उघडली नाहीत.

संध्याकाळी वह्या नातीच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "फक्त कोपरे बघ. मधलं वाचायचं नाही." ती हो म्हणाली. वाचणार! माझीच नात ती.

१७ फेब्रुवारी

वाटलं होतं, शाबास म्हणेल. खुर्ची ओढून समोर बसली.

"आजोबा, चौदा जण म्हणजे चौदा खोल्या?"

"हो."

"एकमेकांना माहीत होतं, बाकीचे आहेत ते?"

"छे! मी कुणाला कळू देतोय?"

"म्हणजे प्रत्येकाला वाटायचं, एवढ्या मोठ्या इमारतीत आपण एकटेच."

टाळकं सणकलं. म्हटलं, "मी जागा दिली त्यांना! नोकरी पणाला लावून! तू जिन्यात डबा खातेस ती मला अक्कल शिकवतेस?"

"जागा दिलीत हो," ती म्हणाली. "पण आले, बसले, गेले. पेपरवाला वेगळं काय म्हणतोय?"

चालती हो म्हणालो. ती गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

तळमजल्यावर मागच्या अंगाला एक मोठी खोली होती. चाळीस जण बसतील अशी. खिडक्या मागेच. चौकीतून दिसली नसती. तिथे का नाही बसवलं त्यांना?

कारण माणसं एकत्र बसली की बोलतात. हसतात. हसण्याचा आवाज चौकीपर्यंत गेला असता. माझी नोकरी गेली असती. त्यांच्यासाठी केलं असं म्हणतो मी. निम्मं त्यांच्यासाठी. निम्मं माझ्यासाठी.

पेपरवाल्यावर आता कुठल्या तोंडानं चिडू? पण चिडतोच आहे. राग काही जात नाही, नुसता जागा बदलतो.

१९ फेब्रुवारी

नातीला म्हटलं, येतो समितीपुढे. तिनं नुसती मान हलवली. नंतर चहाबरोबर न मागता दोन बिस्किटं आली.

२४ फेब्रुवारी

हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय. वह्या समितीनं ठेवून घेतल्या, गठ्ठ्यात गेलेली चालू वहीसुद्धा. पाचही साहेबलोक आता माझ्या सुनेबद्दल वाचणार. सुनेला आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मलाही वाचायला द्या की, मी काय लिहीत नसेन तुमच्याबद्दल?"

समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत होत्या. "म्हणजे तुम्ही रोज खोटी नोंद करत होता?"

"रोज. सुट्या सोडून."

लोक हसले. मी विनोद केला नव्हता! एक तरणा अधिकारी म्हणाला, "या वह्या परवा बसून लिहिल्या नाहीत कशावरून?" जिभेवर शिवी आली होती, गिळली.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. नातीनं फाटकावर चिठ्ठी डकवली होती म्हणे – किल्लीकाकांनी कुणाकुणाला बसू दिलं, त्यांनी या. मला पत्ता नाही! सात जण आले होते. बाई म्हणाली, "मी दोनशे सातमध्ये बसायचे. तीन वर्षं. तेव्हा दिवसा दुकानात होते." तीच ती! आता केस पिकलेत. तिच्या पुढच्या ओळीतला टकल्या वळला. कंडक्टर. म्हणाला, "मी दोनशे आठ."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "पलीकडून रोज खोकल्याचा आवाज यायचा. मी काकांना विचारलंही होतं. काका म्हणाले, जुना पाइप आहे, वाजतो."

"मीच तो पाइप," कंडक्टर म्हणाला.

सगळी खोली हसली. अध्यक्षबाईसुद्धा. मी नाही. बाई हसता हसता थांबली आणि म्हणाली, "एकदा वाटलं होतं, भिंतीवर टकटक करून बघावं."

मला तिथे बसवेना.

२७ फेब्रुवारी

दोन पत्रं आली. एक नातीला – इमारत दोन तारखेपासून नऊपर्यंत उघडी, एक वर्ष बघू, सगळ्यांनी तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत बसायचं. दुसरं मला – खोट्या नोंदींबद्दल लेखी खुलासा द्या, पंधरा दिवसांत. देतो! भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढून पेटीत टाकलं. खिळा राहू दिला.

२८ फेब्रुवारी

तारीख गेली. फॉर्म खणात तसाच आहे, कोरा. विचारायची हिंमत झाली नाही. तिनंही काही सांगितलं नाही.

२ मार्च

सात वाजून वीस मिनिटं. नात अजून घरी नाही. मी चार वेळा गॅलरीत जाऊन आलो. सून फोन हातात घेऊन उभी. "बाबा, करू का फोन?"

म्हटलं, नको. बोलत असेल कुणाशी तरी.