सांभाळणाऱ्यांची यादी

सोमवार
नवी नोकरी, नवी खुर्ची आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! म्हटलं, रोजनिशीही आता संगणकावरच लिहू. रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट लोकांच्या फोनवर पोचवणारा एपीआय, म्हणजे मधला निरोप्या प्रोग्राम, उभारायचाय. त्यासाठी एक ओपन सोर्स फ्रेमवर्क, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा तयार सांगाडा, निवडायचं. साहेब म्हणाले, घाई नाही, शुक्रवारपर्यंत सांगा. म्हणजे घाईच की! या जागेवरची आधीची मुलगी खारीचं चित्र असलेला कप विसरून गेलीय. घासून घेतला, चहाला झाला.

मंगळवार
तीन फ्रेमवर्क चाळली. पहिलं अवाढव्य. दुसऱ्याकडे दोन वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. तिसरं छोटंसं, नेटकं. भाड्याचं घर घेताना शेजार बघावा, तसं मी फ्रेमवर्क सांभाळतंय कोण ते आधी बघते. हे कुणी 'खारूताई' सांभाळते. काहीही विचारा, मिनिटात गोड उत्तर. माहितीच्या पानावर एक चूक दिसली, ती दुरुस्त करून पाठवली. आम्हा प्रोग्रामरांत तशी रीतच आहे. पाठवताना 'यापुढे मीही सांभाळेन' अशी खूण करायची होती. न वाचता केली. वाचतं कोण! खारूताईने दुरुस्ती लगेच स्वीकारली. लिहिलं, सुटले बाई एकदाची.

बुधवार
फ्रेमवर्क सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं! लेकीला दाखवलं, ती सहा वर्षांची, तिला काय कळतंय, पण टाळ्या पिटल्या. वर अकरा नावं. प्रत्येकाची एकच दुरुस्ती, पुढे नुसती उत्तरं. खारूताई कालपासून गप्प आहे. शेजारच्या टेस्टरला विचारलं, आधीची मुलगी गेली कुठे? म्हणाला, राजीनामा मेलने आला, पर्स मात्र खुर्चीवरच होती. तिची आई अजून फोन करते. कपावरची खार बघून चहा ओतून दिला. असू दे बाई, योगायोग असेल.

गुरुवार
मी जेवत असताना माझ्या नावाने नऊ उत्तरं गेली. माझ्याच भाषेत. 'असू दे बाई'सकट. पासवर्ड बदलला, तरी जातायत. साहेबांना म्हटलं, दुसरं फ्रेमवर्क घेऊ. ते म्हणाले, सकाळी तुम्हीच तर मेल केलात, हेच पक्कं म्हणून. मी नाही केला. शप्पथ नाही.

शुक्रवार
खूण पुसता येत नाही — सगळं शोधलं. नवऱ्याला फोन केला. तो गोंधळला. म्हणाला, तू तर दुसऱ्या फोनवर लेकीला गोष्ट सांगतेयस — मग ही कोण?
मला घरी जायचंय. खुर्चीतून उठता —

सोमवार
खुर्चीत नवी मुलगी. मी तिला दिसत नाही. कप घासतेय. टेबलावर तान्ह्या बाळाचा फोटो ठेवलाय तिने.

मंगळवार
तिने चूक शोधलीय. बाकी उत्तरं आपोआप जातात — तिला द्यायचं हे एकच माझ्यासाठी थांबलंय. 'नको' लिहिलं तर 'नको'च जाईल. खारूताईने मला 'नको' लिहिलं असतं, तर तेही गेलं असतं.
पण तिने खूण केली की मी सुटेन, आणि माझी लेक —
लिहिलं, वा, बरोबर पकडलंत, आता फक्त खाली ती खूण